सत्ताविभाजन घटनेत नेमके कोठे आहे?

कायद्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. कायदे करणे, ते राबवणे आणि न्याय देणे ही कामे वेगवेगळ्या हातांत असावीत, हे सत्ताविभाजनाचे तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या एकाही अनुच्छेदात त्या नावाने लिहिलेले नाही. मंत्री विधिमंडळाचेच सदस्य असतात, महसूल मंत्री जमिनीच्या वादात सुनावणी घेतात, विधानसभेचे अध्यक्ष अपात्रतेचे निर्णय देतात आणि न्यायालये कधीकधी धोरणही ठरवतात. मग हे तत्त्व घटनेच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग आहे असे सर्वोच्च न्यायालय कशाच्या आधारे म्हणते, आणि व्यवहारात त्याला काही अर्थ उरला आहे का?

मी जवळपास तीस वर्षे मुंबई उच्च न्यायालयात प्रामुख्याने रिट याचिकांचे काम केले आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर पुस्तकातून कमी, अशिलांच्या कागदपत्रांतून अधिक आलेला आहे. माझे उत्तर असे की आपल्या घटनेने कायदेमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका या तिन्ही अंगांमध्ये सारख्या उंचीच्या भिंती बांधलेल्या नाहीत. कायदेमंडळ आणि मंत्रिमंडळ यांची गुंफण तिने जाणीवपूर्वक केली. भिंत बांधली ती निवाडा करण्याच्या कामाभोवती. म्हणून एखाद्या कृतीची घटनात्मकता तपासताना ती कोणी केली एवढेच पाहून भागत नाही. नियम करणे, नियम अमलात आणणे आणि दोन पक्षांतील वाद नियमानुसार मिटवणे यांपैकी ती कोणत्या प्रकारची कृती आहे, हे आधी ठरवावे लागते.

फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूने १७४८ मध्ये हा विचार मांडला तो इंग्लंडच्या व्यवस्थेकडे पाहून, आणि त्याही काळात इंग्लंडचे मंत्री संसदेत बसत होतेच. तीन प्रकारची सत्ता एकाच हाती एकवटली की स्वातंत्र्य उरत नाही, हे त्याचे म्हणणे होते. तीन अंगांचा एकमेकांशी काहीच संबंध नसावा, असे नव्हे. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाने तीन सत्ता तीन स्वतंत्र अनुच्छेदांत तीन संस्थांना दिल्या, तरी तेथेही अध्यक्षाला विधेयक नाकारता येते आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. शुद्ध स्वरूपातील सत्ताविभाजन कोणत्याही चालत्या राज्यव्यवस्थेत आढळत नाही.

आपल्या संविधान सभेत हा विषय नजरेतून निसटला होता असेही नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले की लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिरही असावे आणि जबाबदारही असावे, परंतु दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही; अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते, आणि मसुद्याने जबाबदारीला प्राधान्य दिले आहे. संसदीय पद्धतीत सरकारचे मूल्यमापन निवडणुकीच्या वेळी मतदार करतातच, पण त्याखेरीज सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना आणि अविश्वास प्रस्ताव यांच्या मार्गाने ते दररोज करतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढे १० डिसेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शाह यांनी राज्याच्या तीन प्रमुख अंगांमध्ये संपूर्ण सत्ताविभाजन असावे अशी तरतूद सुचवली आणि सभेने ती फेटाळली. मंत्री आमदार का असतात, याचे उत्तर या निवडीत आहे. मंत्र्याने सभागृहात उभे राहून जाब द्यावा यासाठीच त्याला सभागृहात बसवले आहे. दैनंदिन मूल्यमापनाचे पुढे काय झाले, याकडे मी शेवटी येईन, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे.

न्यायदानाच्या बाबतीत मात्र त्याच सभेची भूमिका वेगळी होती. नोव्हेंबर १९४८ मध्येच न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्याची तरतूद घटनेतील राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आली. आधी तीन वर्षांची मुदत सुचवली होती, ती दुसऱ्याच दिवशी काढली गेली आणि आजचा अनुच्छेद ५० तयार झाला. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याचा कलेक्टर हाच दंडाधिकारी असे. पोलिस ज्याच्या हाताखाली काम करत त्याच्याच देखरेखीखालच्या माणसासमोर आरोपीला उभे केले जाई, आणि राष्ट्रीय चळवळीची ही फार जुनी तक्रार होती. तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्येच न्यायिक आणि कार्यकारी कामे वेगळी करणारा स्वतंत्र कायदा केला, ही बाब महाराष्ट्रातील वकिलांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. देशपातळीवर हे विभाजन १ एप्रिल १९७४ पासून, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणले.

सर्वोच्च न्यायालयाने या रचनेचे वर्णन पहिल्यांदा नेमकेपणाने केले ते १९५५ मध्ये, राम जवाया कपूर प्रकरणात. पंजाब सरकारने पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन आपल्याकडे घेतले आणि त्यासाठी कोणताही कायदा केला नाही, अशी खासगी प्रकाशकांची तक्रार होती. सरन्यायाधीश बिजन कुमार मुखर्जी यांनी म्हटले की आपल्या घटनेने हे तत्त्व संपूर्ण काटेकोरपणे स्वीकारलेले नाही, परंतु वेगवेगळ्या अंगांची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत आणि एका अंगाचे मूळ काम दुसऱ्याने बळकावावे हे घटनेला अभिप्रेत नाही.

‘मूळ काम’ म्हणजे काय, याची कसोटी वीस वर्षांनी लागली. विद्यार्थ्यांनी सत्ताविभाजनावरचा एकच निकाल वाचायचा ठरवला तर मी इंदिरा नेहरू गांधी विरुद्ध राज नारायण हा ७ नोव्हेंबर १९७५ चा निकाल सुचवीन. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली होती आणि सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित होते. सुनावणी ११ ऑगस्टला होती. १० ऑगस्टला ३९ व्या घटनादुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिने घातलेल्या अनुच्छेद ३२९-क च्या चौथ्या खंडाने जाहीर केले की ही निवडणूक वैध आहे आणि तिला निवडणूक याचिकांविषयीचा आधीचा कायदा लागू नाही. त्याच सुमारास संसदेने निवडणूक कायद्यातही पूर्वलक्षी दुरुस्त्या करून, ज्या कृत्यांमुळे निवडणूक रद्द झाली होती त्यांची व्याख्याच बदलली होती.

न्यायालयाने चौथा खंड रद्द केला, पण निवडणूक कायद्यातील पूर्वलक्षी दुरुस्त्या कायम ठेवल्या, आणि त्या दुरुस्त्यांच्या आधारे अपील मंजूरही केले. पहिल्या वाचनात हे विसंगत वाटते आणि मलाही विद्यार्थिदशेत तसे वाटले होते. वस्तुतः तत्त्वाचा सारा अर्थ याच भेदात आहे. नियम बदलणे, अगदी मागील तारखेपासून बदलणे, हे कायदेमंडळाचे काम आहे. तो नियम पसंत नसला तरी तो सर्व उमेदवारांना लागू होतो आणि त्यानुसार निवाडा न्यायालयच करते. चौथ्या खंडात मात्र नियमच नव्हता. पुरावा, युक्तिवाद आणि लागू कायदा यांपैकी काहीही विचारात न घेता संसदेने एका विशिष्ट वादाचा निकाल सांगितला होता. घटनादुरुस्तीचा अधिकार कितीही व्यापक असला तरी त्यात निकाल देण्याचा अधिकार सामावलेला नाही, असे तेव्हा ठरले. केशवानंद भारती प्रकरणात २४ एप्रिल १९७३ रोजी मूलभूत चौकटीची संकल्पना आली आणि सरन्यायाधीश सिक्री यांनी त्यात सत्ताविभाजनाचा उल्लेखही केला. परंतु त्या उल्लेखाला प्रत्यक्ष आशय मिळाला तो या निकालामुळे.

हाच भेद रोजच्या वकिलीत ‘वैधता कायद्यां’च्या रूपाने भेटतो. न्यायालय एखादा कर बेकायदेशीर ठरवते, सरकार कायदा करून ती वसुली वैध करते, आणि अशील विचारतो की न्यायालयाच्या निकालाला मग किंमत काय. भडोच नगरपालिकेविरुद्धच्या पृथ्वी कॉटन मिल्स प्रकरणात १९६९ मध्ये याचे उत्तर दिले गेले: न्यायालयाने दाखवलेला दोष दूर केला, म्हणजे निकालाचा पायाच बदलला, तर असा कायदा चालतो, दोष तसाच ठेवून ‘निकाल काहीही असो, वसुली वैध आहे’ असे म्हटले तर चालत नाही. महाराष्ट्रातील डान्स बारचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २००५ मध्ये मुंबई पोलिस कायद्यात कलम ३३-अ घालून बंदी आणली गेली, पण तारांकित हॉटेलांना सूट दिली गेली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती तरतूद रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. विधिमंडळाने २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सूट काढून बंदी पुन्हा आणली. विषमतेचा दोष अशा रीतीने दूर झाला होता. परंतु मूळ निकाल केवळ विषमतेवर उभा नव्हता, व्यवसायाच्या स्वातंत्र्याच्या मुद्द्यावरही होता, आणि तो दोष तसाच राहिला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये नव्या तरतुदीला स्थगिती मिळाली ती यामुळे. त्या व्यवसायाविषयी कोणाचे मत काय आहे, याच्याशी या मुद्द्याचा संबंध नाही. निकालाच्या दोन आधारांपैकी एकच काढून घेतला तर निकाल उभा राहतो, एवढेच यातून शिकायचे आहे.

आता सामान्य माणसाकडे वळतो, कारण सत्ताविभाजनाची चर्चा दिल्लीतल्या मोठ्या खटल्यांतच अडकून पडते आणि त्याचा अभाव सर्वांत अधिक जाणवतो तो तालुक्याच्या ठिकाणी. ‘चॅप्टर केस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिबंधक कारवाईत माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेतला जातो. तो घेण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला असतो, म्हणजे ग्रामीण भागात तहसीलदाराला, आणि पोलिस आयुक्तालयाच्या क्षेत्रात सहायक पोलिस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याला. प्रस्ताव पोलिस ठाण्याचा आणि निर्णय देणारा अधिकारीही पोलिस दलाचाच. तडीपारीत हेच अधिक तीव्रतेने दिसते. महाराष्ट्र पोलिस कायद्याखाली उपायुक्त किंवा प्रांताधिकारी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतात. त्यासाठी ‘इन कॅमेरा’ जबाब घेतले जातात, ज्यांत साक्षीदाराचे नाव नसते. आणि त्या आदेशाविरुद्धचे अपील असते राज्य शासनाकडे. घर, काम आणि मुलांची शाळा सोडून दुसऱ्या जिल्ह्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला स्वतंत्र न्यायाधीशाचे पहिले दर्शन घडते ते उच्च न्यायालयात, आणि तोवर मुदतीचा मोठा भाग बहुधा सरलेला असतो. अनुच्छेद ५० चे काम १९७४ मध्ये पूर्ण झाले, असे मी म्हणूनच मानत नाही.

जमिनीच्या बाबतीत फेरफार नोंदीचा वाद मंडळ अधिकाऱ्यापासून सुरू होतो, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, अपर आयुक्त अशा पायऱ्या चढतो आणि शेवटी पुनरीक्षणासाठी मंत्र्यांसमोर जातो. सहकारी संस्थांच्या वादांतही असाच मार्ग आहे. हे काम अर्धन्यायिक आहे, म्हणजे अधिकारी कार्यपालिकेचा असला तरी त्याने वागायचे न्यायाधीशासारखे: दोन्ही बाजू ऐकायच्या, कारणे लिहायची, आणि ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यायचा. माझ्याकडील एका प्रकरणात सुनावणी एका मंत्र्यांसमोर झाली, मधल्या काळात खातेबदल झाला, आणि आदेशावर स्वाक्षरी आली ती ज्यांनी एक शब्दही ऐकला नव्हता अशा नव्या मंत्र्यांची. उच्च न्यायालयाने आदेश रद्द करून फेरसुनावणी ठेवली. अशिलाची चार वर्षे गेली. मंत्र्यांनी अपिले ऐकण्याची पद्धत बंद करून ती स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावी, असे माझे मत प्रत्येक अशा प्रकरणागणिक पक्के होत गेले आहे.

विधिमंडळ आणि न्यायालय यांच्या सीमेविषयी विद्यार्थिनीने वेगळे विचारलेले नाही, तरी तो भाग वगळता येणार नाही. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह या नागरिकाला हक्कभंगासाठी सात दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठातील दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला, तेव्हा विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच ताब्यात घेऊन सभागृहासमोर आणण्याचा ठराव केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाची अंमलबजावणी थांबवली. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला आणि सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने त्याच वर्षी ३० सप्टेंबरला मत दिले. त्यातील एक भेद आजही निर्णायक आहे. अनुच्छेद २१२ सभागृहाच्या कामकाजातील प्रक्रियेच्या अनियमिततेला न्यायालयीन तपासणीपासून संरक्षण देतो. बेकायदेशीरपणाला आणि घटनाभंगाला देत नाही.

महाराष्ट्र विधानसभेने ५ जुलै २०२१ रोजी १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले, तेव्हा हाच भेद लावला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ठरवले की निलंबन त्या अधिवेशनापुरतेच असू शकते. सभागृहाची शिस्त ही सभागृहाची बाब आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु वर्षभराचे निलंबन सभागृहातून हकालपट्टीपेक्षाही वाईट ठरते, कारण हकालपट्टीत जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक होते, तर निलंबनात मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतो आणि त्याला दुसरा प्रतिनिधी निवडताही येत नाही. हा हस्तक्षेप मला पूर्णतः योग्य वाटतो. न्यायालयाने शिस्तभंग झाला की नाही हे ठरवले नाही. सभागृहाच्या अधिकाराची हद्द कोठे संपते, एवढेच ठरवले.

अध्यादेशाचा, म्हणजे सभागृहाचे अधिवेशन नसताना सरकार काढते त्या तात्पुरत्या कायद्याचा, विषय थोडक्यात सांगतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि पुन्हा पुन्हा जारी करून त्यांतील काही तर १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. हे उघडकीला आणले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी, बिहारच्या अभिलेखांचा स्वतः अभ्यास करून, आणि १९८६ मध्ये घटनापीठाने ही पद्धत घटनेची फसवणूक ठरवली. एका अभ्यासकाच्या चिकाटीचे हे काम आहे आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

न्यायालयेही आपली हद्द ओलांडतात, हे मान्य केल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे दिली गेली तेव्हा कायदाच अस्तित्वात नव्हता, आणि तो येईपर्यंतच ती लागू राहतील असे न्यायालयाने सांगितले. तो २०१३ मध्ये आला. त्या कृतीचे समर्थन करता येते. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी करताना अंतराचा आकडा न्यायालयाने ठरवला. अपघात कमी व्हावेत हा हेतू निर्विवाद चांगला होता. तरीही अंतर किती असावे, कोणत्या वस्तीला सवलत द्यावी, हे प्रश्न निवाड्याचे नाहीत, आणि पुढील वर्षभरात न्यायालयाला स्वतःच्याच आदेशात बदल करावे लागले. न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबतही १६ ऑक्टोबर २०१५ रोजी नेमणूक आयोग आणणारी ९९ वी घटनादुरुस्ती रद्द झाली, तेव्हा न्यायिक स्वातंत्र्याचा मुद्दा मला पटला होता. पण त्या जागी उरलेली न्यायवृंद (कॉलेजियम) पद्धत, जिच्यात ज्येष्ठ न्यायाधीशच न्यायाधीशांची निवड करतात, जनतेसाठी अपारदर्शक आहे, ही न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या विरोधी मतातील खंत तितकीच खरी आहे. दुसरीकडे, न्यायालय मागेही येते. विधेयके अडवून ठेवणाऱ्या राज्यपालांना एप्रिल २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने कालमर्यादा घालून दिली होती. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सल्ला दिला की घटनेत नसलेली कालमर्यादा न्यायालय घालू शकत नाही आणि संमती मिळाली असे गृहीतही धरता येत नाही, मात्र प्रदीर्घ निष्क्रियतेची मर्यादित दखल घेता येईल.

शेवटी दैनंदिन मूल्यमापनाकडे येतो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ लागले. पक्षांतरे थांबवणे आवश्यक होते. परंतु तरतूद केवळ विश्वासदर्शक ठरावापुरती न ठेवता प्रत्येक मतदानाला लागू केली गेली, आणि त्यामुळे सत्ताधारी बाकांवरचा आमदार सरकारच्या एखाद्या सामान्य विधेयकाविरुद्धही मत देऊ शकत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. २८८ सदस्यांच्या विधानसभेत ती ४३ होते. म्हणजे उरलेल्या २४५ सदस्यांनी सरकारला जाब विचारावा अशी रचना आहे, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या मतावर पक्षादेशाचे कुलूप आहे. सभागृहात न सुटलेले प्रश्न याचिकांच्या रूपाने न्यायालयात येतात, याचे मोठे कारण हे आहे.

त्यातच अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडे आहे. १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था टिकली, ती अध्यक्ष हे न्यायाधिकरण आहेत आणि त्यांचा निर्णय तपासता येतो, या अटीवर. २०२० मध्ये न्यायालयाने साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे म्हटले आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करण्याची सूचना संसदेला केली. महाराष्ट्रातील २०२२ च्या घडामोडींत ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, पण तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता आली नाही, आणि अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडेच सोपवला. त्यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. कोणाच्या बाजूने निर्णय लागला हा येथे मुद्दा नाही. ज्यांचे स्वतःचे पद सभागृहातील बहुमतावर अवलंबून आहे त्यांच्याकडे त्याच बहुमताचा निवाडा सोपवलेला आहे, आणि १९७५ मध्ये जे तत्त्व संसदेला लावले गेले ते येथे अजून पूर्णपणे लागू झालेले नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की अपात्रतेची तरतूद सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदानापुरती मर्यादित करावी आणि निर्णय अध्यक्षांकडून काढून घ्यावा. अनुसूचीच्या दुसऱ्या आणि सहाव्या परिच्छेदांत काही ओळींची दुरुस्ती केली तर हे होऊ शकते, आणि ती दुरुस्ती करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे.